धा शब्दांची परीक्षा

मंचरला जीप थांबली आणि एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. जप चालू आहे का, मी विचारलं.

"जप न्हाई भाऊ," ती म्हणाली. "पुण्याच्या दवाखान्यात धा शब्द सांगत्यात, मग घटकाभरानं इचारत्यात. मागल्या बारीचं आठवत्यात का बघतीय." मग तितक्याच सहज म्हणाली, "मला एचआयव्ही हाय. सरकायचं असंल तर सरका."

मी सरकलो नाही. पण सरकावंसं वाटलं, हे तिनं ओळखलं असावं.

गोळ्यांनी तब्येत चांगली होती, पण पाळी गेल्यापासून ती विसरायला लागली होती. आजची गोळी घेतली का नाही, हेच आठवेना. म्हणून डॉक्टर तिच्या पोटावर हार्मोनची पट्टी लावून पाहत होते. "काही बायांना खरी पट्टी, काहींना बिनऔषधाची. मला कंची, ते त्यास्नीबी ठावं न्हाई," ती म्हणाली.

"पण गुण आलाय ना?" मी विचारलं.

"डॉक्टर लई खूश हायत. गोळी चुकत न्हाई. पण जावंनं माझा कप येगळा कधी ठिवला, त्येबी आता आठवतंय."

तीच पुढं म्हणाली, "जाऊ आता माझ्यापरीस जास्त इसरती. परवा माझ्याच कपातनं च्या प्याली."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"न्हाई," ती म्हणाली. "अजून थोडा वतला."