तव्याची मस

माझ्या तोंडाला काळं माझ्या बापानं फासलं. साहेबानं नुसतं सांगितलं. हात बापाचे होते.

शेटच्या बंगल्यामागं चूल होती. चुलीपाशी आमच्या घरचा तवा पालथा घातलेला. बापूस उकिडवा बसून बोटांनी तव्याच्या बुडाची मस खरवडत होता, वाटीतल्या खोबरेलात कालवत होता. काजळीला आमच्याकडं मस म्हणतात. मी त्याच्यासमोर उभी. दिवाळीचं नवं परकर-पोलकं काढून ठेवायला लावलं होतं. अंगावर एक फाटकं लुगडं गुंडाळलेलं. ते आमचंसुद्धा नव्हतं, बंगल्यातली फरशी पुसायचं होतं.

"हलू नको गं," बापूस म्हणाला.

एवढंच. डोळ्यांत बघितलं नाही. गालावर बोटं फिरली. मग कपाळावर. मग मानेवर. खोबरेलाचा वास आला. एरवी तो वास मला आवडायचा.

थांबा. असं मधूनच धरलं तर तुम्हाला काय कळायचं? मुळापासून सांगते.

कर्जतच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीकाठी आमचं गाव. भाताची शेतं. जमीन शेटची, कसायची आम्ही. शेट मुंबईचा. हवा खायला म्हणून त्यानं गावाच्या कडेला बंगला बांधला होता. त्याची झाडलोट करायची, बागेला पाणी घालायचं, शेट आला की चूल पेटवायची, हे सगळं माझ्या बापसाकडं. त्याचे पैसे मिळत नसत. कूळ होतो ना आम्ही! जमीन ठेवली हाच पगार. लढाई संपली होती, रेशन चालूच होतं, इंग्रज अजून जायचा होता. मी अकरा-बारा वर्षांची असेन. शाळा दुसरीतच सुटलेली. पुढचं वाचायला मी माझी शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. म्हणून माझं लिहिणंही तसंच, पुडी सोडल्यासारखं. सांभाळून घ्या.

तर शेटचा निरोप आला. मुंबईचं एक इंग्रजी मासिक आहे, बायकांच्या कपड्यांचं, त्याची माणसं येणार, तुझ्या पोरीचा फोटो काढणार.

आता आमच्या गावात फोटो कुणाचा निघायचा? लग्न झालं की नवरानवरीचा. तोही ऐपत असली तर, कर्जतला जाऊन. त्यामुळं माझ्या आयला वाटलं, फोटो म्हणजे लग्नासारखंच नटायचं असतं. तिनं मला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. वेणी घट्ट घातली, त्यात अबोली. आत्याकडून तिची बोरमाळ मागून आणली. कपाळाला कुंकू लावलं, गालाला तीट लावली. आळीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या.

"नवरी चालली गं नवरी," आत्या म्हणाली. "माळ हरवू नको हां, नाय तर तुलाच ठेवून घेईन सून म्हणून."

मी हसत हसत बंगल्यावर गेले. नदीच्या पाण्यात वाकून एकदा स्वतःला बघितलंही. चांगली दिसत होते. खोटं का बोलू?

मोटारीतून तिघं उतरली. एक साहेब, गळ्यात कॅमेरा. एक केस कापलेली बाई, ती मासिकाची, सगळी हुकमत तिची. आणि तिसरी साडीवाली, जिचे फोटो काढायचे ती. आपल्यासारखीच हिंदुस्थानी, पण लोण्यासारखी गोरी. अंगावर जॉर्जेटची पातळ साडी.

साहेबानं मला बघितलं आणि मोठ्यानं हसला. "हे काय, वरात आली की काय?"

केस कापलेली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. साहेबानं मराठीत करून बापसाला सांगितलं. "आम्हाला रानातली पोरगी पाहिजे. नवरी नको. हे सगळं उतरव."

माळ उतरली. अबोली उतरली. कुंकू त्या बाईनं स्वतःच्या रुमालानं पुसलं, आणि रुमाल दोन बोटांत धरून टाकून दिला. मग साहेब माझ्याभोवती फिरला. बाजारात बैल बघतात तसा.

"ही काळी कुठं आहे? सावळी आहे. फोटोत फरक कसा दिसणार?" मग बापसाकडं वळून, "घरात तवा असेल ना?"

बापूस नुसता उभा राहिला. शेट वेताच्या खुर्चीत बसला होता. तिथूनच म्हणाला, "लाव रे. काय होतंय? धुतलं की जातंय."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, नाटकवाले लावतातच की रंग. पण आमच्याकडं तोंडाला मस कधी लागायची ते सांगते. देवळातली समई चोरली म्हणून एका माणसाला पंचांनी धरला होता. मी तेव्हा आयच्या कडेवर. त्याच्या तोंडाला तव्याची मस फासली आणि मारुतीच्या देवळाभोवती फिरवला. पोरं मागून डबे वाजवत होती. तो माणूस त्याच आठवड्यात गाव सोडून गेला, परत दिसला नाही. मस म्हणजे ती. हे बापसाला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि तरी तो खरवडत होता, तरी मी उभी होते.

आंब्याखाली साडीवाली उभी राहिली, मला तिच्या पायाशी बसवलं. साहेब ओरडला, "तोंड उघडं ठेव. साडी बघून चकित झाल्यासारखं."

साडी चांगली होती. पण तोंड वासण्यासारखं तीत काही नव्हतं. तरी वासलं. तोंडात माशी जाते की काय असं वाटत होतं. तोल सावरायला मी हात पुढं टेकला, तशी साडीवालीनं पदर झटकन ओढून घेतला. "हात नको लावू हं," म्हणाली. आवाज गोड होता तिचा. तो गोड आवाज मला सगळ्यात जास्त लागला.

घरी आले तर आयनं मला ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि हाताला धरून न्हाणीत नेलं. राख लावून घासलं, बेसन लावून घासलं. गालाची कातडी लाल झाली, पण कानामागची मस निघेना. आय घासत होती नि एकच विचारत होती, "कोणाचं पाप गं ह्ये? कोणाचं?" बापूस ओट्यावर बसला होता. आत आला नाही. त्याच्या नखांत मस तशीच होती.

आधी तो रोज जेवताना भाकरीचा पहिला तुकडा मोडून माझ्या तोंडात घालायचा. त्या दिवसापासून ते बंद झालं. मीही मागितला नाही.

शिमग्याच्या आधी मासिक छापून आलं. शेटाणीनं कौतुकानं पान पाठवलं. गुरुजी ते घेऊन देवळाच्या पारावर बसले, भोवती सगळा गाव. मी आत्याच्या मागं लपून बघितलं. चकचकीत कागद. वर ती, उन्हात झळझळणारी. खाली एक काळी आकृती. डोळे नि दात तेवढे पांढरे. तोंड वासलेलं. ती मी होते. माझ्या आयनं न्हाऊमाखू घातलेली मी.

"काय लिवलंय गुरुजी?" कोणीतरी विचारलं.

साडी कुठल्या दुकानातली ते लिहिलं होतं. चपला कुठल्या, केस कोणी बांधले, सगळं. साडीवालीचं नाव होतं. गुरुजींनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खाली लिहिलंय, सोबत जंगलातली एक रानटी मुलगी."

आमच्या शेतातून मुंबईची गाडी दिसायची. घाट चढायला मागून इंजिन लावायचे, त्याच्या शिट्टीवर आय भात शिजत ठेवायची. आणि मी जंगलातली.

पारावर वाद पेटला. गुरुजी म्हणाले, "ती फोटोची कला असते. उजेड उठून दिसायला शेजारी काळोख लागतो. चंद्राला रात्र लागतेच ना?"

आत्या उसळली. "मंग रात्र त्यांनी आपल्या घरची आणायची व्हती! आमची पोर कशाला?"

"गावातलं कोणीतरी छापून तरी आलं," एक म्हातारा म्हणाला.

"छापून चोराचं बी येतंय."

मग आत्या आणखी बोलली, "आमी काय जंगलातले हाव? आमी शेतकरी माणसं. जंगलातलंच पायजे व्हतं, तर ठाकरवाडीत जायचं."

पाराच्या खाली सोमी बसली होती. ठाकरवाडीची, डोंगरातल्या ठाकर लोकांतली. पत्रावळीची पानं विकायला आली होती. तिनं पानांचा गठ्ठा बांधता बांधता मान वर केली.

"आमच्या पोरीला फासली असती, तर बरं व्हतं का गं वयनी? आमी बी पोरींना न्हाऊ घालतो."

आत्यानं पदर सारखा केला. सोमी गठ्ठा डोक्यावर घेऊन निघून गेली.

ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. तोवर मला वाटत होतं, लाज ह्याची की मला भलत्यांसारखं दाखवलं. सोमीनं एका वाक्यात ते उलटं केलं. अरे, त्या भलत्यांनाही कोणी तसं का दाखवावं? असं दिसणारं माणूस कुठल्या वाडीत असतं? कुठंच नसतं. ते फक्त त्यांच्या कागदावर असतं. आणि ते कागदावर उमटावं म्हणून तवा आमच्या घरचा लागतो.

बापूस पाराच्या टोकाला होता. हात काखेत घालून उभा होता. त्या दिवसांत तो हात सारखे काखेतच ठेवायचा.

पोरांना मात्र आयतं मिळालं. मी पाणवठ्यावर दिसले की आरोळी, "तवा आला रं, तवा!" मी पाण्याला जायची वेळ बदलली. मान खाली घालून चालायला लागले. रस्त्यातले दगड तेवढे पाठ झाले, माणसांची तोंडं विसरले.

भातकापणी झाली आणि मोटार पुन्हा आली.

साहेब खुशीत होता. "गेल्या वेळचा फोटो फार गाजला. या वेळी दोघी पाहिजेत. मोठी आणि धाकटी."

धाकटी म्हणजे माझी बहीण, ठकी. पाच वर्षांची. मी मागच्या बाजूला आले तेव्हा तवा पालथा पडलेला होता. बापसाच्या बोटांना मस लागलेली. ठकी त्याच्यासमोर डोळे घट्ट मिटून उभी. हसत होती. तिला वाटत होतं बा काहीतरी खेळ करतोय.

माझ्या हातात बागेच्या पाण्याची कळशी होती. मी काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि कळशी बापसाच्या हातांवर तिरकी केली.

"बा, हात धू."

साहेब आला. "ए, काय चाललंय?"

मी कळशी तशीच धरून म्हटलं, "फोटो काढायचा तर हाय तशीचा काढा. कुंकू लावून, माळ घालून. नाव इचारा, नि खाली लिवा. नाय तर गाडी वळवा."

केस कापलेल्या बाईनं साहेबाला विचारलं, ही काय म्हणते. साहेबानं तिला सांगितलं नाही. एवढ्या सोप्या बोलण्याचं त्याला इंग्रजी करता आलं नाही.

शेट खुर्चीतून उठला. माझ्याकडं बघितलं नाही, बापसाला म्हणाला, "जमीन कोणाची कसतोस रे?"

ठकीनं एक डोळा उघडून बघितलं. बापूस खाली, आपल्या हातांकडं बघत होता. अर्धे धुतलेले, अर्धे काळे. जमीन म्हणजे आमचं सगळं. आयची चूल, गाय, पेंढा, पुढचं साल. मला वाटलं आता तो मला मारणार.

त्यानं हात पुन्हा पुढं केले.

"वत," म्हणाला.

मी ओतलं. कोपरापर्यंत धुतलं त्यानं. नखांतलं काडीनं काढलं. कळशी रिकामी झाली तेव्हा तो उठला, ठकीला कडेवर घेतलं, आणि आम्ही बंगल्याच्या पुढच्या दारानं बाहेर पडलो. मागच्या नाही.

पेरणीच्या आधी जमीन गेली. गाव सुटलं. आम्ही खोपोलीच्या पुढं, साजगावच्या बाजूला आलो. बापूस हमाली करायचा, आय रोजावर जायची. कण्या खाऊन काढलेलं साल आहे ते, त्याला गोड रंग मी लावणार नाही. बापूस त्याबद्दल जन्मात एक शब्द बोलला नाही. मीही नाही. भाकरीचा पहिला तुकडा मात्र पुन्हा मोडून द्यायला लागला. आधी ठकीला, मग मला. तरी लाज गेली असं समजू नका. आजही तवा घासताना मी त्याचं बूड स्वतःकडं करत नाही.

मध्यंतरी नातवाच्या लग्नाचे फोटो आले. बघते तर मी गोरीपान. दुधात बुडवून काढल्यासारखी. मी काठी घेतली नि खोपोलीच्या स्टुडिओत गेले.

"ही कोण रं?"

"तुमीच की आजी. जरा उजळ केलंय. सगळेच करून घेतात."

"मला इचारलं व्हतं?"

पोरगा हसला. "आजी, चांगलंच केलंय ना? कोणाला काळं दिसायचं असतं?"

मी त्याला समोर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. तवा, खोबरेल, बापाची नखं. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "पण आजी, त्यांनी काळं केलं, मी तर गोरं केलं."

"बोट परक्याचंच ना रं?" मी म्हटलं. "पूस ते."

त्यानं पुसलं. नवा काढून दिला. त्यात मी आहे तशी आहे, सावळी, सुरकुतलेली, कपाळावर गोंदण. तोच भिंतीवर लावला आहे. मी गेल्यावर हार त्यालाच घालायचा, हे घरात सांगून ठेवलं आहे. आणि नातींना, पणतींना वेगळं सांगितलं आहे. तुमच्या तोंडाला कोणी हात लावायला आला, काळं करायला येवो नाही तर गोरं, आधी त्याचे हात धुवायला लावा. तो परका असला तरी. आणि आपला बाप असला, तरीसुद्धा.