कोळसेकाकीचं पिंप

कोळसेकाकीचे तळहात कायम काळे असायचे. तालुक्याच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेली की ती मुद्दाम साहेबांच्या टेबलावर हात टेकून उभी राहायची. ठसे उमटू द्यायची.

मोरवा गावात तिच्या दाराशी विहीर. मागच्या गाळ्यांतलं कपडे रंगवण्याचं पाणी नाल्यात, नाल्यातून विहिरीत. पाणी आज जांभळं, उद्या हिरवं. आम्ही कार्यकर्ते त्याविरुद्ध पत्रकं वाटत होतो, तोवर काकीने नारळवाल्याकडच्या करवंट्या आणल्या आणि झाकणबंद डब्यात भाजल्या. "हवा लागली की राख होते, बाय. घुसमटला पायजे." तो कोळसा कुटून, धुऊन वाळूबरोबर पिंपात भरायचा, वरून विहिरीचं पाणी ओतायचं. खाली नितळ पाणी यायचं.

पत्रकात मी 'बायोचार' लिहिलं. काकी म्हणाली, "कोळसा म्हन ना. लाज वाटते?"

ते पाणी ती फक्त धुण्याभांड्याला द्यायची. "रंग गेला म्हनजे ईख गेलं असं न्हाय. आनि कोळशाचं पोट भरलं की तो पन गिळत न्हाय."

हे ऐकूनही आम्ही शहाण्यांनी काय केलं? नितळ पाण्याचा ग्लास साहेबांपुढे ठेवला, फोटो काढला. साहेब खूश. "अरे वा! मग प्रॉब्लेम काय आहे?" शेरा मारला: स्थानिक पातळीवर निवारण झाले. तक्रार बंद. गाळे चालूच.

काकी भडकली. "फोटोची हौस लय! आता त्यास्नी पिंप दिसतंय, नाला कशाला दिसंल?" त्याच दिवशी तिने पिंप उलटं केलं.

शेजारणी भांडायला आल्या. "आम्ही काय जांभळ्या पाण्यात कपडे धुवायचे?"

"धुवा. आनि तेच घालून माझ्यासंगं चला."

वीसेक बाया जांभळे डाग पडलेल्या साड्यांत ऑफिसात जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. तक्रार पुन्हा उघडली, साहेबांनी 'पाहणी करू' लिहून दिलं. त्या पाहणीची वाट बघतच काकी यंदा गेली. पाहणी झालीच नाही. नाला आजही रंगीत वाहतोय.

दहाव्याला चौकात भलामोठा बॅनर लागला: 'स्वच्छ पाणी देणाऱ्या मातोश्रींना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली त्याच गाळेवाल्यांचे हात जोडलेले फोटो. मी तो भरदुपारी टराटरा फाडला.

गाळेवाल्यांनी त्याच ऑफिसात माझ्याविरुद्ध तक्रार केली. तिची पाहणी करायला तासाभरात माणूस आला.