शेणामागं धावणारे डॉक्टर

माझं अक्षर वाकडं आहे आणि शाळा चौथीतच सुटली, म्हणून ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण एवढं खात्रीनं लिहिते, की आमच्या सेनगावच्या बाजूला शेणावर इतका जीव असणारा माणूस दुसरा झाला नाही. ते गुरांचे डॉक्टर. धडधाकट जनावर दिसलं की त्यांचे डोळे चमकायचे. एका लग्नात ते नवरदेवाच्या बापाशी बोलत होते आणि शेजारच्या गाईनं शेपूट उचललं, तर हे खिशातला हातमोजा चढवत धावले. पंगतीत मग त्यांच्या शेजारी कोणी बसेना. जमिनीवरचं शेण मात्र त्यांना चालत नसे. "त्यात दहा जणींचं मिसळलेलं असतं, वहिनी," म्हणायचे आणि कोपरापर्यंत मोजा घालून थेट आतूनच काढायचे.

आमच्याकडे ते आले ते आमच्या ढवळी गाईच्या वासरांमुळे. तिची वासरं जन्मली की आठवड्यातच रक्ताच्या हगवणीनं जायची. ती पुन्हा गाभण होती आणि मला झोप लागत नव्हती. डॉक्टर मात्र ढवळीला सोडून आमच्या दुसऱ्या गाईमागं, कपिलीमागं लागले. कपिली कधी आजारी पडली नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "वासरं तिकडं मरून राहिली, अन् तुमी निरोगी गाईमागं काहून?"

"आजी, चोरी करायला अंगात ताकद लागती. जंतू अंगात बाळगूनही जी आजारी पडत नाही, तीच गाय तो दुसऱ्यांना देती."

तपासणीत काही निघालं नाही. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा आले. "जंतू रोज बाहेर पडत नाही, लपून बसतो," म्हणायचे. कपिलीला त्यांची इतकी सवय झाली, की फटफटीचा आवाज आला की ती आपणहून शेपूट वर करायची.

एक दिवस ते हसतच आले. "सापडला जंतू. साल्मोनेला. कपिलीला काही करत नाही, पण तिच्या शेणातून पडतो आणि वासरांच्या पोटात जातो." तेवढ्यात त्यांचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या ढवळीच्या वेताची जागा सारवत होत्या.

"हे शेण कुणाचं?"

मीच दाराआडून म्हणाले, "कपिलीचं. कधी आजारी न पडलेल्या गाईच्या शेणानंच सारवायची रीत हाय आमच्यात."

डॉक्टर गव्हाणीवर बसले. म्हणाले, "वहिनी, हे मी कधी विचारलंच नाही."

ढवळीला लगेच लांब, लिंबाखाली कोऱ्या जागेत नेलं. त्या जागी कपिलीच्या शेणाचा हात कोणी लावला नाही. वासरू झालं. आठवडा गेला, महिना गेला. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर येडा हाय, पण पायगुणाचा."

पुढं त्यांची बदली झाली. वासरू आता दावं तोडतं. कपिली वेगळी बांधलेली असते, आणि रस्त्यानं कुणाचीही फटफटी गेली तरी शेपूट वर करून वाट बघत उभी राहते.