होडीवरची अँटेना

आमच्या दिराने होडीवर टीव्हीची अँटेना बसवली, हे सांगितलं की लोक हसतात. तुम्हीही हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

आमची वाडी मुळशी धरणाच्या पाण्याच्या अलीकडच्या काठाला. रस्ता आणि एस.टी. पलीकडच्या काठाला, मधे होडी. होडी सामाईक, आमच्या ह्यांची आणि धाकट्या दिराची. पण रोज तिच्यावर जीव टांगलेला माझा. माझ्या दोन म्हशींचं दूध सकाळच्या एस.टी.ने पौडच्या एका हॉटेलात जायचं. माहेरून आणलेलं सगळं गेलं होतं. ह्या घरात माझं म्हणावं असं ते दूधच काय ते होतं.

दीर पिरंगुटला कारखान्यात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे माझ्याच खेपेला पलीकडे जायचा. एका शनिवारी टीव्ही घेऊन आला, सोबत ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. वाडीच्या मागे डोंगर, चित्र काही येईना, पडदाभर नुसत्या मुंग्या. कुणीतरी म्हणालं, वाडीशेजारी धरणाचं पाणी आत शिरलंय त्या खाडीच्या तोंडाशी पुण्याकडची खिंड उघडी दिसते, तिथं येईल. तिथं पाणी कमरेएवढं, पण तळाला बुडालेल्या गावातल्या एका घराचं दगडी जोतं. बांबू रोवायला गेले तर रोवला जाईना. मग ह्या शहाण्याने होडी तिथं नेली आणि नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, जिथं आम्ही दसऱ्याला कुंकू लावतो तिथंच, भोक पाडून लोखंडी पाइप उभा केला.

मी म्हटलं, "भावजी, होडीच्या कपाळाला भोक पाडलंत?"

"वैनी, तुमचं कपाळ शाबूत हाय ना? मग झालं."

जाऊ काठावर उभी होती. ती म्हणाली, "जळत्यात लोकं. आपल्याकडं न्हाई ना."

आमचे हे तंबाखू मळत बसले. भावाभावांत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, माझ्यासाठी तर नाहीच.

आता होडी म्हणजे काही घराचं छप्पर नव्हे. वारा आला की ती फिरणार, ती फिरली की अँटेना फिरणार, की पुन्हा मुंग्या. मग दिराने चार बाजूंनी चार दोर ताणले, दोन काठाच्या झाडांना, दोन पाण्यातल्या धोंड्यांना. चपटी वायर दोराला बांधून काठापर्यंत, आणि काठावर सतरंजीवर सगळी वाडी. रविवारचा सिनेमा आला, खरंच आला. मी गोठ्यातून आवाज ऐकला. बघायला गेले नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात होडी रात्री एकाच लांब, सैल दोरावर ठेवायची रीत. धरणाचं पाणी वीज करायला घाटाखाली सोडतात, रोज थोडं उतरतं. सैल होडी पाण्याबरोबर खाली सरकते, ताणून बांधलेली जागच्या जागी अडकते. पहिल्या रविवारी मी दिराला हे सांगितलं.

"वैनी, तुमी म्हशीचं बगा, होडीचं मी बगतो."

दुसरा रविवारही गेला. सकाळची माझी खेप झाली की तो होडी तशीच बांधायचा, सोमवारी पहाटे मी दोर सोडायचे. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाण्यातून जोत्याचा कोपरा वर आलेला मी पाहिला. होडीच्या बुडापासून जेमतेम वीतभर. हाक मारली असती तर दहा पावलांवर दीर होता. मी मारली नाही. माझ्याही अंगात विष भिनलं होतं, ते लपवून काय करू?

सोमवारी पहाटे कॅन घेऊन गेले तर होडी चारी दोरांना लटकून जोत्यावर कलती बसलेली. बुडाची एक फळी फाकलेली. मागून इस्त्रीची पँट घालून दीर आला. पलीकडे एस.टी.चा हॉर्न वाजला, दोनदा. मग गाडी गेली.

मी चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, वर कॅन ठेवला आणि काठाकाठाने चालू लागले. तो मागून आला. पलीकडे नेणारी दुसरी होडी जिथं मिळायची त्या धक्क्याची वाट लांब, ऊन चढलं. दुपारच्या गाडीने पौडला पोचलो. हॉटेलवाल्याने दूध कढईत ओतलं, आमच्यासमोर फाटलं.

"बाई, उद्यापासनं नका आणू. माझं गिऱ्हाईक थांबत न्हाई."

येताना दीर म्हणाला, "वैनी, दुसरं हाटेल बगू की."

"आधी तो पाइप काढा."

त्याने त्याच दिवशी काढला. होडीला पत्रा ठोकला, तरी कपाळाच्या भोकातून लाटेचं पाणी यायचं ते यायचंच. पौडला दुसरं हॉटेल मिळालं नाही. त्या दुधाचं मी तूप करू लागले. ते घरातच संपायचं, आणि पानात वाढायची जाऊ.

पाइप मात्र मी सोडला नाही. गोठ्याच्या दाराला आडवा अडणा म्हणून लावला. उकिरड्याची वाट गोठ्यातून होती, म्हणजे जावेला दिवसातून दोनदा तो उचलावा लागायचा. जड होता. ती कुरकुरली की मी म्हणायचे, "जळत्यात लोकं."