भिंगताईंचं कस्टर्ड

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, काचेच्या आडोशामागे, एक बाई मान खाली घालून बसलेल्या असायच्या. गिऱ्हाइकांना त्यांचे पिकायला लागलेले केस आणि हात तेवढे दिसायचे. फिरत्या चाकावर भिंगाची कड घासायची, फ्रेममध्ये बसवून पाहायची, नाही बसली तर काढून पुन्हा जराशी घासायची, हे त्यांचं काम. मालकांनी त्यांना भिंगताई म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. कशाबद्दलच त्यांचं फारसं म्हणणं नसायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे थोरले भाऊ राहायचे. आईवडील लवकर गेले. दादा एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. त्यांचंही लग्न राहिलं, भिंगताईंचंही राहिलं. ठरवून नाही, आपलं राहून गेलं. घरातली कामं कधी वाटून घेतली हे भिंगताईंना आठवत नव्हतं, पण वाटणी पक्की होती. स्वयंपाक दादांनी करायचा, भांडी आणि कपडे भिंगताईंनी. संध्याकाळी त्या जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच फोडणीचा वास यायचा. दार उघडं असायचं. आतून आवाज यायचा, "आलीस? हात धू." जेवताना दोघं फारसं बोलत नसत. बोलायला हवं असं कधी वाटलंच नाही.

दादा निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट. जेवणं झाली होती, भिंगताई बशा पुसत होत्या. दादा टेबलावरचे नसलेले कण बोटाने गोळा करत बसले होते.

"छोटे, मी लग्न करतोय."

"कुणाचं?"

"कुणाचं काय? माझं. शाळेच्या ग्रंथालयातल्या बाई आहेत ना, त्यांच्याशी. तू पाहिलंयस त्यांना, माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात. निळी शाल होती."

"मग? त्या इथे येणार?"

"नाही गं. त्यांचं स्वतःचं घर आहे. नदीपलीकडे. मीच जाईन म्हणतो."

"बरं," भिंगताई म्हणाल्या. पुसलेली बशी त्यांनी कपाटात ठेवली, मग ती पुन्हा काढली आणि पुन्हा पुसली.

दादा गेले ते दोन बॅगा घेऊन. स्वयंपाकघरातलं काहीच त्यांनी नेलं नाही. पातेली, सुऱ्या, त्यांचा लाडका ओव्हन, सगळं जागच्या जागी. भिंगताईंना यातलं काही वापरता येत नव्हतं. पन्नाशी कधीच उलटलेली, पण गॅसवर त्यांनी आजवर चहा आणि उकडलेली अंडी याच्या पलीकडे काही ठेवलं नव्हतं. त्या पाव आणि अंडी खाऊ लागल्या. कधी नुसता पाव. संध्याकाळी जिन्यात दुसऱ्यांच्या घरचे वास यायचे, आणि वरच्या मजल्यावर आपलं कुलूप आपल्यालाच उघडायचं आहे हे पायऱ्या संपेपर्यंत लक्षात नसायचं.

सगळ्यात जड जायचे ते आवाज. म्हणजे नसलेले. दादा घोरायचे, खोकायचे, बातम्यांना शिव्या द्यायचे. आता फ्रिज मध्येच गुरगुरून गप्प झाला तरी त्या दचकायच्या. दुकानात मालक गिऱ्हाइकांशी बोलायचे. भिंगताईंच्या वाट्याला "हे घ्या" आणि "झालं का" एवढंच यायचं. एका रविवारी त्यांच्या ध्यानात आलं की काल दुपारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. आवाज आहे की गेला ते पाहायला त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई!" आणि स्वतःलाच ओशाळल्या.

रस्त्याच्या कोपऱ्यावर एक फळवाली बसायची. जाडजूड बाई, तोंडाची टकळी अखंड चालू. भिंगताई तिच्याकडे थांबू लागल्या. एक फळ घेतलं तर दोन वाक्यांत काम आटपायचं, पण ढीगभर घेतली, एकेक निवडून घेतली, तर फळवाली आपल्या सुनेपासून शेजारच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांची सालं काढायची. भिंगताई ढीगभर घेऊ लागल्या. घरी आलुबुखार मऊ पडायचे, नासपतींना डाग पडायचे, ओट्यावर चिलटं घोंघावायची.

"एवढी फळं जातात कुठे हो ताई?" एकदा फळवालीने विचारलं. "घरी माणसं किती?"

भिंगताईंना खोटं बोलता येत नसे. "मी एकटीच."

फळवालीचा तराजू हातातच राहिला. मग ती म्हणाली, "मग टाकून देत असाल. देऊ नका. ओव्हन आहे? झालं तर! पसरट भांड्याला लोणी फासा, तळाला फोडी पसरा. तीन अंडी, पेलाभर दूध, साखर, दोन चमचे मैदा घुसळून वरून ओता आणि द्या आत ढकलून. शेंबडं पोरसुद्धा करील."

शेंबड्या पोराला आलं असतं कदाचित. भिंगताईंना नाही आलं. पहिल्या खेपेला जे बाहेर आलं त्याला गोड ऑम्लेट म्हणावं तर ऑम्लेटचा अपमान होता. वर करपलेलं, आत गुठळ्या, आणि तळाला आलुबुखाराचं लालसर पाणी. भिंगताईंनी ते भांडं समोर ठेवलं, बराच वेळ पाहिलं, आणि दादांना फोन लावला. लग्नानंतर त्यांनी आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"दादा, कस्टर्ड फाटतं का रे?"

"कोण बोलतंय?" दादा म्हणाले. आणि मग मोठ्याने हसले. "छोटे, तू? ओव्हन लावलास? अगं घर पेटवशील!"

मग ते अर्धा तास बोलले. आच कमी ठेव. भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेव. फोडींना आधी साखर लावून ठेव, सुटलेलं पाणी काढून टाक. अंडी फार घुसळू नकोस, फेस नको आपल्याला. आणि मुख्य म्हणजे, सगळं घट्ट होईपर्यंत थांबू नकोस. कडा धरल्या आणि मधे अजून थरथरतंय, की बाहेर काढ. बाकीचं ते बाहेर आपलं आपण होतं.

एका छताखाली इतकी वर्षं काढली, पण सलग अर्धा तास दोघं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या खेपेला बरं झालं. तिसऱ्या खेपेला चांगलंच झालं. सुरी घातली तर लोण्यासारखी आत गेली, आणि फोडी मऊ पण आख्ख्या. तरी भिंगताईंनी फोन केला. दूध गार घ्यायचं की कोमट? पीच सोलून घ्यायचे की तसेच? व्हॅनिला नसेल तर लिंबाची साल चालेल? उत्तरं त्यांना आता ठाऊक होती. काही तर त्यांनी स्वतःच करून पाहिली होती. पण प्रश्न असल्याशिवाय फोन करायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं.

एका संध्याकाळी फोन वहिनींनी उचलला.

"दादा आहेत का?"

"अहो ताई, ते जरा फिरायला गेलेत. कस्टर्डचं विचारायचं होतं ना? मला विचारा की! मीही करते कधीकधी." आणि वहिनींनी अगदी मनापासून, न कंटाळता, नासपती आधी लोण्यात परतून घ्यायच्या म्हणजे पाणी सुटत नाही, हे समजावून सांगितलं.

भिंगताईंनी त्यांचे आभार मानले. त्यानंतर विचारायला काही उरलं नाही.

केलेलं कस्टर्ड सहा जणांना पुरेल एवढं व्हायचं. शेजारच्या घरी एकदा दिलं, शेजारीण "कशाला उगाच त्रास घेता?" म्हणाली. त्या "कशाला"मध्ये पुढच्या वेळी नको हेही आलं होतं. भांडं फ्रिजमध्ये राहायचं आणि तीन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या तेच खायच्या.

शेवटी एका रविवारी त्यांनी नासपतीचं कस्टर्ड केलं, भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि बसने नदीपलीकडे गेल्या. बस दर थांब्याला गचके देत होती. भिंगताई दोन्ही हातांनी भांडं मांडीवर धरून बसल्या होत्या.

दार दादांनी उघडलं. भिंगताईंनी त्यांना आधी ओळखलंच नाही. दाढी गुळगुळीत, अंगात पिवळा शर्ट. जन्मात त्यांनी पिवळा शर्ट घातला नव्हता. वहिनींनी हात धरून आत नेलं, चांगल्या खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली. चहा नक्षीच्या कपातून आला. सगळं प्रेमाने चाललं होतं. इतक्या प्रेमाने की भिंगताईंना कळून चुकलं, या घरात आपण पाहुण्या आहोत.

दादांनी कस्टर्डचा पहिला घास घेतला, डोळे मिटले. "माझ्यापेक्षा छान केलंयस."

"तू कुठलं करतोस हल्ली? काही नवीन?"

"छे! मी कशाला करतोय? या घरात आल्यापासून मी गॅसला हात लावलेला नाही."

वहिनी हसल्या. "कांदासुद्धा चिरत नाहीत. मी म्हटलं, एवढी हौस होती ना तुम्हाला?"

"हौस कसली डोंबलाची," दादा म्हणाले. "मला स्वयंपाक कधीच आवडला नाही."

भिंगताईंचा चमचा थांबला. "कधीच?"

"अगं, कुणीतरी करायला हवा होता."

"मग बोलला का नाहीस? मी केला असता."

"तू?" दादांनी भांड्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्यांचा आवाज खाली आला. "आई गेली तेव्हा तू जेवणच सोडलं होतंस. आठवत नाही तुला? कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी काहीतरी शिजवायला लागलो, वास आला की उठायचीस. मग म्हटलं, हे चालतंय. चालू द्यावं."

वहिनी उगाच चहाचे कप उचलून आत गेल्या. भिंगताईंना भिंत आठवत होती. तिच्यावरचा ओलीचा डाग आठवत होता. वासाने आपण उठत होतो, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. आवडत नसलेलं काम एक माणूस रोज दोन वेळा करत होता, आणि त्या नुसत्या समोर बसून जेवत होत्या. बोलत नव्हतो, कारण बोलायची गरज नव्हती, असं त्या इतके दिवस समजत आल्या होत्या. आता त्यांना वाटलं, त्या घरात एकट्या आपणच नव्हतो. तोही एकटाच होता तिथे.

"फार वर्षं केलंस रे," एवढंच त्या म्हणाल्या.

"त्यात काय," दादा म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परतीच्या बसमध्ये रिकामं भांडं हलकं लागत होतं. त्यांना रडू आलं नाही. खिडकीबाहेर पूल, मग दुकानं, मग आपला थांबा. घरी येऊन त्यांनी दिवे लावले आणि दादांच्या ओट्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या स्वयंपाक करायला शिकल्या. हळूहळू, चुकतमाकत. भात चिकट झाला, रस्सा पातळ झाला, बोटं भाजली. फोन मात्र आता त्या काही न विचारताच करायच्या. "काय नाही रे, सहज." पहिल्यांदा हे वाक्य त्यांनी आधी दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. दादाही कधी कधी सहज करायचे. बहुतेक वेळा दोघांकडे सांगण्यासारखं काही नसायचं, आणि फोन ठेवल्यावर घर पहिल्यापेक्षा जास्त गप्प वाटायचं. तरी त्यांनी फोन सोडला नाही.

थंडीच्या दिवसांत वहिनी आपल्या बहिणीकडे गेल्या होत्या, तेव्हा दादा एकटेच आले. सवयीने सरळ ओट्याकडे निघाले. भिंगताईंनी त्यांना वाटेतच अडवलं.

"बस. हात लावायचा नाही."

"अगं, निदान कोथिंबीर तरी..."

"बस म्हटलं ना!"

दादा बसले. भिंगताईंनी वरण-भात केला, भाजी केली, आणि सुकवलेले जर्दाळू गरम पाण्यात भिजवून त्यांचं कस्टर्ड ओव्हनमध्ये ठेवलं. दादा आधी टेबलावर बोटं वाजवत होते, मग नुसते बघत होते. घरभर लोणी आणि साखरेचा वास भरला. भिंगताईंनी ओव्हनचं दार उघडून पाहिलं, कडा धरल्या होत्या, मधे थरथर होती. भांडं बाहेर काढून त्या वळल्या तर दादा खुर्चीतच झोपलेले, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. घोरत होते.

त्यांनी उठवलं नाही. समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. जेवण निवत होतं, निवू दिलं.

अंधार पडायच्या आत दादा जेवून, डबा घेऊन गेले. भिंगताई थांब्यापर्यंत पोचवायला गेल्या आणि बस वळेपर्यंत उभ्या राहिल्या. वर आल्या तेव्हा खोलीत वास होता, माणूस नव्हतं. त्यांनी खिडकी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं कस्टर्ड त्यांनी दुकानात नेलं. मालकांनी चाखलं, बोटं चाटली.

"काय भिंगताई, पाहुणे होते वाटतं?"

"पाहुणे नाही. दादा आला होता."

"अरे वा! काय म्हणाले?"

"काही नाही," भिंगताई म्हणाल्या. "झोपला होता."

आणि त्यांनी चाक सुरू केलं.