सड्यावरची एकोणीस फुले

माझ्या पत्नीला फुलांची आवड नव्हती.

या फेसबुक पानावर गेली चार वर्षे मी याच्या अगदी उलट लिहीत आलो आहे. म्हणून ही दुरुस्ती.

आज विजयाला जाऊन एक वर्ष पूर्ण झाले.

आमची वार्षिक फेरी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या देवळापासून निघायचे. घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, यायचे. सडा ओलांडून पलीकडच्या घळीत, दाट राईत उतरायचे, व्हाळ, म्हणजे ओढा, पार करून पुन्हा वर चढायचे आणि दुसऱ्या अंगाने देवळाशी परतायचे.

अकरा किलोमीटर. मी मूळचा घाटावरचा, भूगोलाचा प्राध्यापक म्हणून या जिल्ह्यात आलेला. ही वाट मी स्वतः आखली होती आणि तिचा मला अभिमान होता.

पूर्वी विजया माझ्या पुढे चालत असे. चार वर्षांपूर्वी ती मागे राहू लागली.

"तुमी व्हा फुडे. मी ह्या फूल बघून येतंय."

मी पुढे होत नसे. वही काढून तिच्याजवळ जाई आणि फुलाचे स्थानिक नाव विचारी. तिने सांगितलेले प्रत्येक नाव मी जागेसह लिहून घेतले.

म्हातारेचो चष्मो. वयनीची नथ.

एकदा घाटीच्या मध्यावर तिने किंचित त्रासून 'घोवाची घाई' असे नाव सांगितले. घोव म्हणजे नवरा. मी त्यापुढे 'विनोदी लोकनाम' अशी नोंद केली.

त्या फुलांचे फोटो मी येथे टाकत असे. आपण त्यांना मनापासून दाद दिलीत, याबद्दल आभारी आहे.

तिच्या स्मृतिदिनी या नावांची एक छोटी पुस्तिका काढावी असे मी ठरवले होते. वर्षश्राद्धासाठी विजयाची धाकटी बहीण रेखा कुडाळहून आली होती. काल दुपारी मी प्रूफ तिच्या हाती दिले.

तिसऱ्या पानावर ती हसू लागली. पाचव्या पानावर तिने चष्मा काढून ठेवला.

"भावजी, ह्या नावाचा फूल खंयच नाय."

मी म्हणालो, बोलीभाषेतील नावे गावोगावी बदलतात.

"ताईक फुलांचा काय्येक पडलेला नाय. तिका दम लागत होतो. म्हणान ती थांबत होती."

मग तिने सगळे सांगितले. गेल्या वर्षी श्रावणात, नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीचे निमित्त सांगून विजया तिच्याबरोबर कुडाळातील एका डॉक्टरांकडे गेली होती. ईसीजी पाहून त्यांनी गोव्याला जाऊन पुढील तपासण्या लगेच करून घ्या, असे सांगितले. विजया म्हणाली, चवथ होवंदे, मगे बघूया. आमच्याकडे गणपतीआधी अडलेले प्रत्येक काम असेच पुढे जाते. गळके छप्परही आणि हृदयही.

रेखाला तिने शपथ घातली होती. ह्यांका सांगलंय तर सडो बंद करतले, आणि घरात बसान माझोच नकाशो काढतले, असे ती म्हणाली होती.

रेखा झोपायला गेल्यावर मी वही उघडली.

पहिल्या वर्षी तीन फुले. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी बारा. गेल्या वर्षी एकोणीस.

सपाट सड्यावर, जिथे भाद्रपदात पाय ठेवायला जागा नसते इतकी फुले असतात, तिथली एकही नोंद नाही. सगळ्या नोंदी चढाच्या आहेत. घळीतून वर येताना तर राईच्या गर्द सावलीत फूल सापडतच नाही. तिथे तिने मला शेवाळ दाखवले, झाडावरची बुरशी दाखवली. मी त्यांचीही नावे लिहून घेतली.

तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना नकाशा वाचायला शिकवले.

गेल्या वर्षी घळीत उतरण्यापूर्वी, अगदी कड्यावर, ती खाली बसली होती.

"अहो, हयसूनच मागे जावया काय?"

मी म्हणालो, "अर्ध्याहून अधिक अंतर झाले आहे, विजया. मागे जाणे आता लांब पडेल."

ती पदर खोचून उठली.

अंतर मी अचूक सांगितले होते. चढ विचारात घेतला नव्हता.

त्या फेरीनंतर चौथ्या दिवशी, शनिवारी, ती गेली. गोव्याच्या तपासणीची तारीख त्यापुढच्या सोमवारची होती.

आज सकाळी रेखाला घेऊन मी सड्यावर गेलो. घाटीत मी वहीतल्या नोंदींच्या आठ ठिकाणी थांबलो. रेखाने एकदाही कारण विचारले नाही. कड्यावर पोहोचल्यावर आम्ही बराच वेळ बसलो. मालवणच्या बाजूला समुद्र स्वच्छ दिसत होता. खाली व्हाळाचा आवाज येत होता. रेखा म्हणाली, भावजी, तुमका फेरी पुरी करूची आसात तर मी येतंय.

मी नको म्हणालो.

आम्ही तेथूनच मागे फिरलो. ती वाट सव्वा किलोमीटरने लांब आहे. पण आधी सगळा सपाट सडा आहे आणि शेवटी केवळ उतार. इतक्या वर्षांत त्या दिशेने मी एकदाही चाललो नव्हतो. सावकाश चाललो. रेखाला दम लागला नाही. मलाही नाही.

पुस्तिका निघणार नाही. ज्यांनी प्रती मागितल्या होत्या, त्यांची क्षमा मागतो.

विजया, तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचे उत्तर चुकीचे दिले.

होय. येथूनच मागे जाऊया.

तुला माझा अखेरचा नमस्कार.