दिवा लागतो, वेग धरत नाही

उजव्या टाचेत हाड वाढलं आणि त्याच वर्षी माझी बदली मालेगावच्या कॉलेजात झाली. नाशिकहून जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. महिनाभर एसटीने गेले, पण स्टँडवर ताटकळून टाच आणखी सुजायची. शेवटी पुण्याच्या एका कुटुंबाकडून आम्ही जुनी गाडी घेतली. तिच्यात क्रूझ कंट्रोल होतं, हे ती घेण्याचं खरं कारण. बटण दाबलं की गाडी ठरलेल्या वेगाने आपली आपण चालते, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागत नाही. तेव्हा आग्रा रोड नुकताच चौपदरी झाला होता. पिंपळगावपासून चांदवडपर्यंत माझ्या टाचेला सुट्टी मिळायची.

चार महिन्यांनी ते बंद पडलं. मुख्य बटण दाबलं की समोर हिरवा दिवा लागायचा. मग वेग आला की ‘सेट’ दाबायचं आणि पाय उचलायचा, तर गाडी मरगळल्यासारखी हळू व्हायची. मी पुन्हा दाबायची. कधी जोरात, कधी हलकेच, कधी बोट तसंच धरून. ओझरपासून सौंदाण्यापर्यंत मी ते बटण किती वेळा दाबलं असेल, कोण जाणे. कॉलेजात पोचेपर्यंत टाच ठणकायला लागायची आणि मी पहिला तास खुर्चीत बसून घ्यायची.

वर्कशॉपमध्ये नवरा सोबत आला, तीच चूक झाली. तक्रार मी सांगत होते आणि तिथला तरुण अ‍ॅडव्हायझर मान हलवत नवऱ्याकडे बघत होता.

“सर, आपल्या रस्त्यांवर याचा उपयोग काय?” तो म्हणाला. “आमच्याकडे कुणी वापरतच नाही.”

मी वापरते, असं मी म्हटलं. त्याने कार्डवर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी गाडी धुऊन मिळाली, क्रूझ तसंच. दुसऱ्या वेळी त्यांनी स्टिअरिंगवरची बटणं उघडून साफ केली. त्यानंतर दोन दिवस हॉर्न वाजेना, तो दुरुस्त करायला तिसरी फेरी. त्या वेळी मी एकटीच गेले, तर अ‍ॅडव्हायझर म्हणाला की पूर्ण कंट्रोल युनिट बदलावं लागेल, सरांना एकदा फोन करायला सांगा. मी फोन करायला सांगितलं नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, गाडी चालतेय ना, मग कशाला डोक्याला ताप. तो सातपूरला कारखान्यात जायचा, दहा मिनिटांवर. त्या रात्री जेवण वाढताना मी भांडी जरा आपटलीच.

त्यात बॅटरी उतरली. वर्कशॉपने नवीन बसवून दिली. तीन आठवड्यांत तीही उतरली. सकाळचे सात वाजलेले, नऊ वाजता माझी प्रात्यक्षिकं आणि सेल्फ मारला तर नुसती टकटक. समोरच्या बंगल्यातले काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते ते. नळी टाकून ते धक्का द्यायला आले, नवराही आला. मी स्टिअरिंगवर बसले.

“ताई, ब्रेकवरचा पाय काढा,” काका मागून म्हणाले.

“पाय ब्रेकवर नाहीच आहे, काका.”

“मग मागचे दिवे का लागलेत?”

मी उतरून मागे गेले. गाडीत कुणी नव्हतं आणि दोन्ही ब्रेकलाइट मिणमिणत होते. काकांनी मला पेडलच्या वर बघायला सांगितलं, तिथे दिव्याचं छोटं बटण असतं म्हणाले. मी ओढणी कमरेला खोचून आत वाकले आणि टॉर्चचा झोत टाकला. मॅटवर पिवळ्या प्लास्टिकचे चुरलेले तुकडे पडले होते. पेडलच्या दांड्याला एक भोक होतं आणि बटणाची खुंटी त्यातून आरपार आली होती. त्या भोकात बसणारी प्लास्टिकची टिकली हळूहळू झिजत शेवटी गळून पडली होती. खुंटी दाबली जात नव्हती, म्हणून पेडल वर असतानाही गाडीला वाटत होतं, ब्रेक दाबलेला आहे.

ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बॅटरी का उतरत होती आणि मागचे ट्रकवाले महिनाभर मला दिवे का मारत होते, तेही कळलं. मी समजत होते, ट्रकवाल्यांना पुढे जायचंय.

नवऱ्याच्या कोटाचं एक बटण भोकावर ठेवून मी चिकटपट्टीने गुंडाळलं. मागचे दिवे विझले. धक्का मारून गाडी सुरू झाली, पण प्रात्यक्षिकं चुकलीच. प्राचार्यांना फोन करताना माझा आवाज चढला होता, त्यांचा काही दोष नसताना.

शनिवारी वर्कशॉपला गेले आणि अ‍ॅडव्हायझरला चिकटपट्टी दाखवली. त्याने वाकून बघितलं.

“ब्रेकलाइटची तक्रार तुम्ही दिलीच नव्हती, मॅडम.”

“क्रूझची तीनदा दिली होती,” मी म्हटलं. “तुमच्यापैकी एकजण तरी गाडीच्या मागे उभा राहिला का?”

तो आत गेला आणि नवी टिकली घेऊन आला. बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कार्डवर त्याने ‘ब्रेकलाइट दुरुस्त’ लिहिलं. क्रूझचा उल्लेख नव्हता. मी तो करायला लावला, मगच सही केली.

सोमवारी पिंपळगाव मागे टाकून ‘सेट’ दाबलं. हिरव्या दिव्याशेजारी ‘सेट’चा दुसरा दिवाही लागला, मी पाय उचलून मॅटवर ठेवला आणि गाडी चालत राहिली. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. पण चांदवड येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या अ‍ॅडव्हायझरशी भांडत होते, आणि शनिवारी सुचलं नव्हतं ते सगळं आता सुचत होतं. राहुड घाटात पुढे ट्रक रांगत होता म्हणून ब्रेक दाबावा लागला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, झालं ना शेवटी नीट? मी हो म्हटलं आणि टाच शेकायला पाणी तापत ठेवलं.